लॉगिनचं स्थळ : मुंबई

मे महिन्यातली दुपार होती. गच्चीवर रातांबे फोडायला बसले होते आणि मनगटापर्यंत हात लाल झाले होते. फोनवर मेल आल्याची खूण वाजली, तो करंगळीनेच उघडला. तुमच्या खात्यात नव्या उपकरणावरून प्रवेश झाला आहे. स्थळ : मुंबई, महाराष्ट्र. हे तुम्ही नसाल तर ताबडतोब पासवर्ड बदला. सकाळीच नव्या टॅबवर मी मेल उघडला होता, म्हणजे उपकरण नवं हे खरं. वेळही जुळत होती. पण मुंबई? मी दापोलीच्या घरात, डोक्यावर पदर घेऊन उन्हात बसलेली. रस सालींवर ओतायचा राहिला आणि माशा घोंघावायला लागल्या, तरी मी त्या एका शब्दाकडे बघत राहिले.

पुण्याच्या भाच्याला फोन लावला. तो असल्या कामात मुरलेला आहे. "अगं आत्या, तूच आहेस ती," तो हसला. "तुझ्या नेटचा आयपी, म्हणजे नेटवरचा पत्ता, मुंबईचा दाखवतोय, एवढंच. राऊटरच्या पानावर जाऊन बघ. कंपनीने काय दिलंय, किती वेळासाठी दिलंय, सगळं दिसेल." शंका फिटली, पण मनातली खटक काही जाईना. हवामानाचं पान उघडावं तर ते मुंबईचा पाऊस सांगतं, हे पूर्वीही कधीतरी दिसलं होतं आणि मी दुर्लक्ष केलं होतं. या वेळी मात्र नोंद माझ्या नावावर होती. माझ्याच घरात बसून मी मुंबईहून आले असं कुणीतरी लिहून ठेवलं होतं, आणि वर मलाच विचारत होतं की हे बरोबर ना?

आमचा राऊटर दिवाणखान्यात टीव्हीच्या मागे असतो. पावसाळ्यात घरातली तेवढी एकच जागा कायम कोरडी आणि उबदार, त्यामुळे त्याच्या पाठीमागे पालीने अंडी घातली होती. पाठीवरचं स्टिकर वाचायला चष्मा लागला, शिवाय टॉर्च. मग ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ टाकलं, स्टिकरवरचं नाव आणि पासवर्ड टाकला, आणि एक ओबडधोबड करडं पान उघडलं. असली पानं कुणी कौतुकाने बघावीत म्हणून केलेलीच नसतात, म्हणून मला ती आवडतात. स्टेटस, त्याच्या पोटात वॅन, म्हणजे बाहेरच्या जगाशी असलेली जोडणी. तिथे ओळींमागून ओळी : आयपी ॲड्रेस, १००.७२ ने सुरू होणारा. सबनेट मास्क. गेटवे. डीएनएस. आणि त्याखाली लीजची, म्हणजे पत्त्याच्या भाडेपट्ट्याची, मुदत ७२००, शिल्लक ४११६. हे सगळं सेकंदांत. म्हणजे मला मिळालेला हा पत्ता दोन तासांच्या बोलीवर होता, आणि त्यातला तासभर अजून हातात होता.

पान पुन्हा उघडलं, आकडा खाली आलेला. पुन्हा उघडलं, आणखी खाली. शून्याला काय होतं ते बघायचंच म्हणून मी चहा घेऊन तिथेच बसले. पण शून्य आलंच नाही. आकडा ३६०० च्या आसपास उतरला आणि पुढच्या वेळी पान उघडलं तर परत ७२०० च्या घरात. ना नेट गेलं, ना दिवा लुकलुकला. भाच्याने मग पाठवलेलं वाचलं. या व्यवहाराचे नियम १९९७ साली राल्फ ड्रॉम्स यांनी लिहिलेल्या आरएफसी २१३१ या इंटरनेटवाल्यांच्या जाहीर कागदात आहेत. मुदत निम्मी झाली की राऊटर कंपनीच्या ज्या सर्व्हरने, म्हणजे पत्ते वाटणाऱ्या यंत्राने, पत्ता दिला त्यालाच गुपचूप विचारतो, वाढवून मिळेल का? उत्तर नाही आलं तर धीर धरतो, अधूनमधून पुन्हा विचारतो. मुदतीचे आठातले सात भाग संपले तरी शांतताच असेल तर मग ओळख-पाळख न बघता जो कोणी ऐकेल त्याला विचारतो. आणि शून्यावर आला की पत्ता सोडायचा, वाद नाही. अर्ध्यावरच विचारायला लागायचं ही शिस्त मला फार भावली. आमच्या घरात विजेच्या बिलापासून विम्याच्या हप्त्यापर्यंत सगळं शेवटच्या संध्याकाळी.

(आधीच्या कनेक्शनला युजरनेम-पासवर्डने जोडणी व्हायची, पीपीपीओई म्हणतात ती. तिच्यात ही लीजची ओळच नसते, जोडणी आहे तोवर पत्ता आहे. तेव्हा कुणी माझं वाचून आपलं पान उघडलं आणि ही ओळ सापडली नाही, तर घाबरू नये.)

मला त्याहून आवडली ती अगदी पहिली हाक. आमच्याकडे लाईट जाते आणि येते, याचं नवल कुणाला नाही. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्याला लागलं, तेव्हा दापोली-मंडणगडात खांब आडवे झाले, नारळी-पोफळी मोडल्या, आणि काही वाड्यांमध्ये लाईट यायला आठवडे लागले. एरवी मात्र पहिल्या वळवाला जाते आणि रात्री कधीतरी येते. फ्रिज हुंकार देतो, पंखा फिरायला लागतो, आणि टीव्हीमागे राऊटर जागा होतो. त्या क्षणी त्याला स्वतःचा पत्ता नसतो. म्हणून तो पाठवणाऱ्याच्या जागी ०.०.०.० लिहितो, आणि घेणाऱ्याच्या जागी २५५.२५५.२५५.२५५, म्हणजे सगळ्यांना. मला पत्ता हवाय, कुणी आहे का? पलीकडून एखादा सर्व्हर देऊ करतो, कधी दोघे देऊ करतात. राऊटर एकाचा पत्ता घेतो, पण हो म्हणतानाही सगळ्यांना ऐकू जाईल असंच म्हणतो, म्हणजे दुसऱ्याला कळावं की तुझा नको झाला, तो परत घे. मग पहिला शिक्कामोर्तब करतो. पूर्वी कुठला पत्ता होता हे राऊटरला आठवत असेल तर तो तोच मागतो, आणि मोकळा असेल तर सर्व्हरही बहुधा तोच देतो. लाईट आल्यावर वाडीतल्या सगळ्या घरांतून हा पुकारा एकाच वेळी उठत असणार, आणि आम्ही तेवढ्यात मेणबत्त्या विझवून जेवायला बसलेलो असतो.

पत्त्यांचा नाद मला घरातूनच आहे. आप्पा गावातल्या शाखा डाकघराचे पोस्टमास्तर होते, आणि डाकघर म्हणजे आमच्याच पडवीचा अर्धा भाग. एक टेबल, वजनकाटा, लोखंडी पेटी, तारखेचा शिक्का आणि त्याची जांभळट काळी शाई. दुपारच्या एसटीने थैली यायची. आप्पा सुतळी कापून ती उलटी करायचे आणि लाखेचा, गोणपाटाचा, कुणाच्या तरी पत्रात गुंडाळलेल्या अंगाऱ्याचा असा मिळून एक वास पडवीभर पसरायचा. पत्रं लावताना ते पत्ते मोठ्याने वाचत. पिन कोड नसलेलं पत्र दिसलं की त्यांच्या कपाळाला आठी. पिन १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला आणि तो ज्यांनी बसवला ते श्रीराम भिकाजी वेलणकर आपल्याच जिल्ह्यातले, राजापूरकडचे, शिवाय संस्कृतातले कवी, याचा आप्पांना वैयक्तिक म्हणावा असा अभिमान होता. दापोलीचा ४१५७१२. साताऱ्याचा ४१५००१. मध्ये अख्खा सह्याद्री उभा असून दोघांचे पहिले तीन आकडे एक, यावर ते पाहुण्यांना कोडं घालायचे. पण तो आकडा एकदा बसला की बसला. माणूस हलेल, घर पडेल, पिन आपल्या जागी.

पण गावाचं खरं टपाल गावातल्या पत्त्यांवरचं नव्हतंच.

गावातली निम्मी माणसं मुंबईत गिरणीत. त्यांना जाणाऱ्या पत्रांवर नावं वेगवेगळी, खाली मजकूर मात्र एकच : द्वारा ग्रामस्थ मंडळ, खोली नंबर अमुक, अमुक चाळ, लालबाग, मुंबई १२. दहा बाय बाराच्या त्या एका खोलीत सगळा गाव राहायचा. प्रत्येकाची एक ट्रंक आणि एक खुंटी. रात्रपाळीवाला सकाळी येऊन पडायचा तेव्हा दिवसपाळीवाल्याची वळकटी अजून कोमट असायची. जेवण खानावळीत. पोस्टमन पत्रांचा गठ्ठा दारात टाकायचा आणि खोलीतला जो जाणता असेल तो वाटायचा. कुणाची कुठली पाळी, कोण शिमग्याला गावी गेलाय, कुणाचं नाव कागदावर एक आणि हाकेचं दुसरं, हे त्याला तोंडपाठ. उलट टपालाने मनीऑर्डरी यायच्या त्याही त्याच खोलीतून. कुपनावर चार ओळी, "खुशाल आहे. बाळाच्या पायाला काय झाले ते कळवणे." आप्पा या ओळी बायांना वाचून दाखवायचे, आणि जवळपास मी असले तर मला परसात पिटाळायचे. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि आमच्या पडवीत त्याचा आवाज असा आला की मनीऑर्डरींचं पुस्तक भरेनासं झालं. काही जण परत आले. काही जण त्याच खोलीत राहून भाजी विकायला लागले. पत्ता तोच राहिला.

तर हीच खोली माझ्या राऊटरच्या आणि जगाच्या मध्ये बसलेली आहे.

१९७७ च्या सुमारास इंटरनेटच्या जनकांपैकी एक विंट सर्फ आणि मंडळींनी इंटरनेटचा पत्ता बत्तीस बिटांचा, म्हणजे बत्तीस शून्य-एकांचा, ठरवला. त्यातून ४२९ कोटींच्या वर पत्ते निघतात, आणि तेव्हा तो एक प्रयोग होता, त्यामुळे ते मुबलक वाटले. भारतात विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट आणलं ते १५ ऑगस्ट १९९५ ला, चार महानगरांत. आम्ही रांगेत फार मागे होतो. ३ फेब्रुवारी २०११ ला जागतिक साठ्यातले शेवटचे गठ्ठे पाच खंडीय संस्थांना वाटून झाले, आणि त्याच वर्षी १५ एप्रिलला आशियाच्या संस्थेनेही हात आखडता घेतला. त्यानंतर नव्याने येणाऱ्या कंपनीला जास्तीत जास्त १०२४ पत्ते, आणि २०१९ पासून ५१२. तालुक्यात केबल टाकता टाकता नेट द्यायला लागलेल्या माणसाने हजारो घरं जोडायची कशी? म्हणून एप्रिल २०१२ मध्ये १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचा एक पट्टा, साधारण ४२ लाख पत्ते, खास या कामासाठी राखून ठेवला. जगातली कुठलीही कंपनी तो आपल्या घरात वापरू शकते, पण बाहेरच्या जगात या पत्त्यांना काही अर्थ नाही. माझा १००.७२ त्यातलाच. ब्राझीलमधल्या कुठल्या घरातही आत्ता तोच आकडा असेल, आणि आमची कधी गाठ पडणार नाही.

बाहेर पडताना माझी पाकिटं, म्हणजे माहितीचे तुकडे, कंपनीच्या एका सामाईक पेटीतून जातात. ती पेटी माझा पत्ता खोडून आपला खरा, जगाला दिसणारा पत्ता घालते, आणि शेजारी एक पोर्ट नंबर टाकून आपल्या वहीत नोंद करते की हा अमक्याचा. असे ६५ हजारांवर नंबर एका पत्त्यामागे असतात, ते शेकडो घरांत वाटून घ्यायचे. उत्तर आलं की वही बघून ज्याचं त्याला. आणि तो खरा पत्ता ज्या कंपनीच्या नावावर आहे ती मुंबईची. जागा ओळखणारी यंत्रं बिचारी नोंदवहीत जे दिसतं ते सांगतात. शेजारच्या वाडीतली पोरं रील बघत होती, डॉक्टर रिपोर्ट पाठवत होते, मी मेल उघडला, आणि पलीकडच्याला दिसली एकच खोली, मुंबईतली. कोकणातल्या माणसाला मुंबईच्या पत्त्यावर शोधण्याची जगाची सवय जुनी आहे. आम्ही चाकरमानी नसलो तरी.

इथवर मी खूश होते. अडचण काढली दादाने. त्याला पुण्याहून आमचं अंगण बघायचं होतं. कारण माकडं, असं तो म्हणतो. खरं कारण मी या वयात गच्चीवर चढते हे आहे. कॅमेरे बसवायला आलेला मुलगा राऊटरचं तेच करडं पान उघडून म्हणाला, "काकी, हा पत्ता चालणार नाही. बाहेरून आत यायला पब्लिक आयपी लागेल. स्टॅटिक, म्हणजे न बदलणारा घ्या, त्याचे वेगळे पैसे पडतील." तेव्हा मला त्या सामाईक पेटीची दुसरी बाजू कळली. आतून कुणी आधी बाहेर गेलं असेल तरच उत्तराला आत वाट आहे. स्वतःहून कुणी दार ठोठावलं तर वहीत त्याची नोंद नसते, आणि पेटी ते पाकीट तिथल्या तिथे टाकून देते. परत पाठवून "सापडत नाही" असा शेराही मारत नाही बहुधा. लालबागच्या खोलीत न मागता पत्र यायचं. मुलगा झाल्याचं यायचं, म्हातारी गेल्याचं यायचं. ते आत घ्यायला आधी कुणी लिहिलेलं असायला लागत नव्हतं.

शेवटी दुसऱ्या जातीचा कॅमेरा घेतला. तो स्वतःच बाहेर जाऊन कंपनीच्या सर्व्हरला धरून बसतो आणि दादाचा फोनही तिथेच जाऊन भेटतो. आमचं अंगण मुंबईच्या पत्त्यावरून निघतं, कुठल्या तरी गोदामात थांबतं आणि मग पुण्याला पोचतं. दादा समाधानी आहे. मला तो मधला मुक्काम खुपतो, पण वाद घालण्याइतका नाही.

आणि एक गोष्ट आहे. मला कुणी गाठू शकत नाही याचा अर्थ मी सापडत नाही असा नव्हे. पेटीची वही कंपन्यांना जपून ठेवावी लागते. डिसेंबर २०२१ मध्ये दूरसंचार विभागाने परवान्याच्या अटी बदलल्या आणि इंटरनेट वापराच्या नोंदी ठेवण्याची मुदत एका वर्षावरून किमान दोन वर्षांवर नेली. एका पत्त्यामागे शेकडो माणसं असल्यामुळे नुसता पत्ता सांगून भागत नाही. तपास करणाऱ्याला नेमकी वेळ आणि पोर्ट नंबरही सांगावा लागतो, आणि घड्याळ थोडं पुढेमागे असेल तर भलत्याच घराकडे बोट जाईल. यात गुन्हे पकडले जातात हे मला मान्य आहे. ऑनलाइन फसवणुकीत निवृत्तीचे पैसे घालवलेले लोक माझ्या माहितीत आहेत. तरी भावाला जे दार उघडत नाही ते चौकशीला उघडतं, हा क्रम मला उलटा वाटतो. आप्पांच्या टेबलावर पत्ता होता तो कुणीतरी कुणाला तरी काही सांगावं म्हणून. चौकशीला पोलीसपाटील यायचा, पण वर्षातून एखाद्या वेळी, आणि चहा पिऊन जायचा.

भाचा म्हणतो, हे सगळं तात्पुरतं आहे. त्याच करड्या पानावर खाली आयपीव्ही६ ची, म्हणजे नव्या पद्धतीच्या पत्त्याची, ओळ आहे. तो पत्ता १२८ बिटांचा. जगातल्या मोठ्या कंपन्यांनी ६ जून २०१२ ला तो कायमचा चालू केला आणि आपल्याकडे मोबाइलवर तर तो सर्रास आहे. घराला स्वतःचा पट्टा मिळतो, फ्रिजला, टीव्हीला, कॅमेऱ्याला, ज्याला त्याला आपापला आकडा, कुणाच्या द्वारा नाही. मुदत त्यालाही असते, पण खोली स्वतंत्र. माझी ती ओळ रिकामी आहे. "कंपनीला फोन कर, चालू करून देतील," असं तो प्रत्येक वेळी बजावतो. नंबर मी वहीत लिहून घेतलाय. अजून लावलेला नाही, आणि का ते त्याला नीट सांगता आलेलं नाही.

लालबागच्या खोलीत एकदा सावकाराचा माणूस गेला होता, गावातल्या एकाला शोधत. खोलीतल्या प्रत्येकाने सांगितलं, तो गावाला गेलाय. तो वर पोटमाळ्यावर रात्रपाळी करून झोपला होता. वसुलीवाला चिवट, बोटीने आणि पुढे एसटीने थेट आमच्या गावात आला आणि पोस्टमास्तरांना सगळे पत्ते ठाऊक असतात म्हणून आप्पांच्या खिडकीशी उभा राहिला. आप्पांनी त्याला पाणी दिलं. चष्मा लावून रजिस्टर बराच वेळ चाळलं. मग एका कोऱ्या कागदावर सुवाच्य अक्षरात, पिन कोडसकट, लालबागच्या त्याच खोलीचा पत्ता लिहून दिला.